जकातीच्या खुर्चीतला तत्त्वज्ञ

परदेशाहून कोणी घरी यायचे असले, की विमानतळावरच्या त्या शेवटच्या दहा पावलांची धास्ती सगळ्यांनाच असते. बॅगेत चोरीचे काही नसते. पुतण्यासाठी घेतलेला कॅमेरा असतो, वहिनींसाठी अत्तराची बाटली असते, शेजारच्या काकांनी आठवणीने सांगितलेले घड्याळ असते. तरीही हिरव्या पाटीखालून जावे की लाल पाटीखालून, या विचाराने भलेभले सज्जन गृहस्थ घामाघूम होतात. आपण कायदा पाळतो आहोत की मोडतो आहोत, हेच नीटसे ठाऊक नसते. आता तर विमानात पाऊल न ठेवताही हा अनुभव घेता येतो. घरबसल्या परदेशातून एखादी वस्तू मागवावी, तर ती दारात येण्याआधी तिच्या किमतीवर आयात शुल्क, त्या शुल्कावर अधिभार आणि मग या साऱ्या बेरजेवर वस्तू व सेवा कर, असा हिशेब समोर उभा राहतो.

ही धास्ती नवी नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाला ती स्वतःच्या कपाटापुढे उभे राहून अनुभवावी लागली होती. गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतःच जकात खात्यातला सर्वांत वरच्या पायरीवरचा अधिकारी होता. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे जकातींच्या जाचाविरुद्ध जगातला सर्वांत गाजलेला ग्रंथ त्यानेच लिहिला होता. त्याचे नाव अ‍ॅडम स्मिथ.

स्मिथचे नाव आपल्यापैकी अनेकांना कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटलेले असते. खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता, अर्थशास्त्राचा जनक, एवढ्या दोन ओळींत त्याची बोळवण होते. परीक्षा संपते आणि स्मिथही विसरला जातो. पण या माणसाने आयुष्याची शेवटची बारा वर्षे जकात गोळा करण्यात घालवली, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत.

तसे पाहिले तर जकात त्याच्या घरातच होती. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिंबरोच्या समोरच्या तीरावर, कर्कॉल्डी नावाचे छोटे बंदर आहे. तिथल्या जकात कचेरीत स्मिथचे वडील हिशेब तपासनीस होते. त्यांचेही नाव अ‍ॅडमच. मुलाचा जन्म होण्याच्या काही महिने आधीच ते वारले. १७२३ च्या जून महिन्यात या पोरक्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. आई मार्गारेट डग्लस हिने पुन्हा लग्न केले नाही. प्रकृतीने नाजूक असलेल्या या एकुलत्या मुलाला तिने वाढवले आणि त्यानेही पुढे लग्न केले नाही. साठ वर्षांच्या या मायलेकरांच्या सोबतीत खंड पडला तो त्याच्या शिक्षणापुरता, नोकरीपुरता आणि प्रवासापुरता.

कर्कॉल्डीसारख्या बंदरात जकात हा पुस्तकातला विषय नव्हता. रात्री किनाऱ्याला लागणाऱ्या होड्या, त्यांतून उतरणारी फ्रेंच ब्रँडी, चहा आणि तलम कापड हे सारे गावाला माहीत असे. चोरटा माल आणणारा माणूस गावाच्या लेखी गुन्हेगार नसे. तो कोणाचा तरी भाऊ असे, कोणाचा तरी गिऱ्हाईक असे. स्मिथ बारा वर्षांचा असताना, १७३६ साली, त्याच्या गावाला लागून असलेल्या पाथहेड वस्तीतल्या अँड्र्यू विल्सन या माणसाला एडिंबरोत फाशी झाली. विल्सन चोरटा माल आणत असे. सरकारने माल जप्त केल्यावर त्याने जोडीदारासह एका कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यालाच लुटले. फाशीच्या दिवशी जमलेल्या लोकांची सहानुभूती उघडउघड विल्सनकडे होती. गर्दी बिथरली, दगड आले, आणि पहाऱ्यावरचा कप्तान पोर्टियस याच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. माणसे मेली. पोर्टियसला मृत्युदंड झाला, पण तो लांबणीवर पडताच सप्टेंबरात जमावाने तुरुंग फोडून त्याला बाहेर काढले आणि भर रस्त्यात लटकावले. एका कराच्या वसुलीपायी राजधानीत एवढे रक्त सांडले. त्या मुलाच्या मनावर याचा काय परिणाम झाला, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. पण पुढे त्याने चोरट्या व्यापाऱ्याविषयी जे लिहिले, ते वाचताना हे गाव डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही.

चौदाव्या वर्षी तो ग्लासगोच्या विद्यापीठात गेला. तिथे फ्रान्सिस हचिसन यांच्यासारखा गुरू मिळाला. १७४० ते १७४६ अशी सहा वर्षे शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला काढली. तिथले अध्यापक शिकवण्याचे सोंगही करीत नाहीत, असे त्याचे मत झाले, आणि ते त्याने आयुष्यभर लपवले नाही. १७५१ साली तो ग्लासगोतच प्राध्यापक झाला, आणि पुढच्याच वर्षी नीतिशास्त्राचे अध्यासन त्याच्याकडे आले. १७५९ साली माणसाच्या नैतिक भावनांवरचा त्याचा पहिला ग्रंथ निघाला. दुसऱ्याचे सुखदुःख माणसाला आपले कसे वाटते, हा त्याचा विषय. स्वार्थाचा तत्त्वज्ञ म्हणून ज्याची ओळख झाली, त्याची सुरुवात सहानुभूतीच्या अभ्यासातून झाली होती. त्या काळी ग्लासगो हे अमेरिकेतून येणाऱ्या तंबाखूच्या व्यापाराने भरभराटीला आलेले गाव होते. प्राध्यापक महाशय वर्गात नीती शिकवत आणि बाहेर व्यापाऱ्यांच्या बैठकीत बसून जहाजे, भाव आणि जकाती समजून घेत.

या पहिल्या ग्रंथाने त्याच्या आयुष्याला अनपेक्षित वळण दिले. चार्ल्स टाउनशेंड या राजकारणी पुरुषाने तो वाचला आणि आपल्या सावत्र मुलाचा, तरुण ड्यूक ऑफ बक्लूचा, शिक्षक म्हणून स्मिथला नेमले. १७६४ ते १७६६ हा काळ स्मिथने ड्यूकसोबत फ्रान्समध्ये काढला. मोबदला म्हणून त्याला वर्षाला ३०० पौंड तहहयात मिळायचे ठरले. इकडे टाउनशेंड ब्रिटनचा अर्थमंत्री झाला आणि १७६७ साली त्याने अमेरिकेतल्या वसाहतींत येणाऱ्या काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. पुढे चहा सोडून बाकीच्या जकाती उठल्या. चहावर राहिलेली जकात होती एका पौंड वजनाला अवघी तीन पेन्स. पण प्रश्न पैशांचा उरलाच नव्हता. आम्हांला न विचारता आमच्यावर कर का, हा तो प्रश्न होता. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात गेल्या आणि त्यांच्यामागून एक साम्राज्यही. स्मिथला तत्त्वज्ञाची निवांत वर्षे ज्याने मिळवून दिली, त्याच माणसाने ही ठिणगी टाकली होती.

मिळालेल्या निवांत वर्षांचे स्मिथने सोने केले. कर्कॉल्डीला आईजवळ आणि मग लंडनमध्ये बसून त्याने राष्ट्रांच्या संपत्तीची मीमांसा करणारा तो प्रचंड ग्रंथ पुरा केला. ९ मार्च १७७६ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले.

या ग्रंथात जकातींवर पानेच्या पाने आहेत. सांगणे साधे आहे. परदेशी माल अडवला, की देशातल्या मूठभर कारखानदारांचे भले होते आणि बाकी सगळ्यांना तीच वस्तू महाग घ्यावी लागते. जकात फार चढवली, की तिजोरी भरत नाही. लोक एकतर वस्तू घेणे सोडतात, नाहीतर चोरवाटेने घेतात. चोरटा माल आणणारा माणूस एरवी चांगला नागरिक झाला असता, पण निसर्गाने ज्याला गुन्हा मानले नाही, त्याला कायद्याने गुन्हा ठरवले आणि या माणसाला बिघडवले, असे त्याने स्वच्छ लिहिले. कर कसा असावा, याचे चार नियमही त्याने घालून दिले. तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावा. किती आणि केव्हा द्यायचा, हे देणाऱ्याला आधीच पक्के ठाऊक असावे. देणाऱ्याला सोयीचे जाईल अशा वेळी तो घ्यावा. आणि लोकांच्या खिशातून जेवढे निघते, त्यातले शक्य तेवढे तिजोरीत पोचावे. या चारांत त्याने दुसऱ्या नियमाला फार मोठे स्थान दिले. कर थोडा अन्याय्य असला तरी एक वेळ चालेल, पण अनिश्चित नको. कारण कर अनिश्चित असला, की देणारा माणूस घेणाऱ्याच्या मर्जीवर जगू लागतो.

असे लिहिणाऱ्या माणसाची जानेवारी १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या जकात मंडळावर आयुक्त म्हणून नेमणूक झाली. यामागे ड्यूक ऑफ बक्लूचे वजन होते. पगार जकातीच्या कामाचे ५०० आणि मिठावरच्या कराच्या कामाचे १००, असा वर्षाला ६०० पौंड. स्मिथने लगेच ड्यूकला कळवले, की आता मला आपल्या ३०० पौंडांची गरज नाही. ड्यूकने ते ऐकले नाही. दिलेला शब्द दिलेला, असे त्या दिलदार शिष्याचे म्हणणे.

आणि आता त्या कपाटाची गोष्ट. नोकरी लागून आठवडाभर झाला असेल. प्रत्येक जकात कचेरीत मनाई असलेल्या मालाची यादी टांगलेली असे. नव्या आयुक्ताने ती सावकाश वाचली. घरी येऊन स्वतःचे कपडे तपासले. पाहतो तर काय, गळपट्टा, गळ्याचा रुमाल, बाह्यांच्या झालरी, खिशातला हातरुमाल, यांतली क्वचितच एखादी वस्तू अशी निघाली, की जी ब्रिटनमध्ये वापरण्यास बंदी नव्हती. चोपन्न वर्षांचा हा निरुपद्रवी प्राध्यापक नकळत रोज अंगावर गुन्हा घालून हिंडत होता. कोणी तपासायला येणार नव्हते. आयुक्ताच्या कपाटाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा? पण त्याने ते सगळे कपडे जाळून टाकले. दुसऱ्यांपुढे उदाहरण घालून द्यावे, एवढाच हेतू. दोन वर्षांनी विल्यम ईडन या मित्राला पत्रात ही हकिकत कळवताना त्याने मिस्कीलपणे बजावले, की तुम्ही आपले किंवा बाईसाहेबांचे कपडे तपासायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर तुमच्यावरही हाच प्रसंग यायचा.

ती यादी एवढी लांब का होती, याचा धागा आपल्याकडेही येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या छापील सुती कापडाने आणि रेशमाने इंग्लंडला वेड लावले होते. तिथले विणकर खवळले. १७०० च्या कायद्याने हिंदुस्थान, इराण आणि चीन इथले रेशमी कापड आणि छापील व रंगवलेले सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी झाली. १७२१ च्या कायद्याने तर छापील चीट अंगावर घालण्यावर आणि घरात पडद्या-गाद्यांना वापरण्यावरही बंदी आली. फ्रान्सच्या तलम कापडाचीही तीच गत. कायदे झाले, पण हौस थांबली नाही. बायका चीट नेसत राहिल्या, पुरुष परदेशी रुमाल खिशात ठेवत राहिले, आणि एक सबंध देश हळूहळू कायद्याकडे डोळेझाक करायला शिकला.

आयुक्त स्मिथ आईला, नात्यातली बहीण जॅनेट डग्लस हिला आणि डेव्हिड या छोट्या नातलग मुलाला घेऊन एडिंबरोच्या पॅनम्यूर हाउसमध्ये राहायला आला. आठवड्यातून चार दिवस मंडळाची बैठक असे. हातात फुलांचा लहानसा गुच्छ, खांद्यावर बंदुकीसारखी धरलेली काठी आणि स्वतःशीच पुटपुटणारे ओठ, असा हा गृहस्थ कचेरीकडे चाललेला गावाला रोज दिसे. त्याच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी एडिंबरोत घरोघर सांगत. एकदा म्हणे कचेरीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने दंड उंचावून रुबाबात सलामी दिली, तर स्मिथने आपल्या काठीने तश्शीच सलामी परत दिली आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकीत कवायत करीत जिना चढून गेला. आणखी एकदा कागदावर सही करायची, तर स्वतःची सही न करता आधीच्या माणसाच्या सहीची हुबेहूब नक्कल करून मोकळा झाला. गोष्टींत तिखटमीठ असेल. पण मंडळाची दप्तरे सांगतात, की हा विसरभोळा माणूस कामावर हजर राहायला मात्र विसरत नसे.

आणि काम काही शोभेचे नव्हते. बंदरांतल्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी, जप्त केलेला माल, चोरट्या होड्यांचा पाठलाग करणारी गस्तीची जहाजे, किनाऱ्यावर फौज पाठवण्याच्या मागण्या, हे सारे त्या टेबलावर येई. एकेकाळी ज्याच्याविषयी त्याने कणव दाखवली, त्याच माणसाला पकडण्याचे हुकूम आता त्याच्या सहीने निघत.

इथे एखाद्या वाचकाच्या मनात प्रश्न येईल, आणि तो यावाच. कायदा चुकीचा आहे, हे ज्याला सर्वांत चांगले कळत होते, त्याने तो राबवायचा पगार घ्यावा का? हा प्रश्न स्मिथच्या हयातीतल्या आणि नंतरच्या अनेकांना पडला. त्याने राजीनामा दिला असता, तर कथा अधिक झळझळीत झाली असती. पण त्याने दुसरी वाट धरली. कायदा आहे तोवर तो सगळ्यांना सारखा, आणि त्यात पहिला मी. कायदा चूक असेल, तर तो पळवाट काढून नव्हे, बदलून घ्यायचा. खुर्चीत बसून त्याने हे बदलाचे काम सोडले नाही. ईडनला लिहिलेल्या त्याच पत्रात त्याने मनाईहुकूम सरसकट उठवून त्यांच्या जागी माफक जकात बसवण्याचा सल्ला दिला. मनाईतून सरकारला एक पै मिळत नाही, माल मात्र चोरवाटेने येतच राहतो, हे तो आता अनुभवाने सांगत होता. १७८४ साली ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने जकातींवर आणि मक्तेदार कंपन्यांवर नवा मजकूर घातला. सरकारी पगाराने त्याची लेखणी बोथट झाली नाही, उलट तिला धार चढली.

त्याच वर्षी त्याचे म्हणणे खरे ठरले. ब्रिटनमध्ये चहावरची जकात सरासरी ११९ टक्क्यांपर्यंत चढली होती, आणि देशात येणाऱ्या चहाचा मोठा हिस्सा चोरटा असे. तरुण पंतप्रधान पिट याने १७८४ साली ती एकदम साडेबारा टक्क्यांवर आणली. कायदेशीर चहाचा खप वर्षभरात दुपटीहून अधिक झाला आणि चहाचा चोरटा धंदा बसला. सुरुवातीची तूट भरून काढायला घरांच्या खिडक्यांवरचा कर मात्र वाढवावा लागला, हेही सांगितले पाहिजे. कर एका दाराने गेला, की दुसऱ्या खिडकीने येतो, हे तेव्हाही खरे होते! पिटने स्मिथचा ग्रंथ वाचलेला होता, आणि १७९२ साली पार्लमेंटमध्ये त्याने त्याचे ऋण मानले.

स्मिथला सरसकट जकातविरोधी समजणे मात्र चूक आहे. देशाच्या संरक्षणासाठी परदेशी मालावर बंधन घालावे लागले, तर त्याची ना नव्हती. आणखी एक अपवाद त्याने सांगितला, तो आजच्या आपल्या बिलाशी थेट जोडलेला आहे. देशात तयार होणाऱ्या वस्तूवर जर कर असेल, तर तेवढाच कर परदेशातून येणाऱ्या तशाच वस्तूवरही असावा. नाहीतर घरच्या कारागिरावर अन्याय होतो. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून आयात मालावर जो एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. तेव्हा परदेशी पार्सलाच्या बिलातल्या या ओळीवर स्मिथने हरकत घेतली नसती. त्याच्या वरची आयात शुल्काची ओळ मात्र त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचली असती आणि यातून नेमके भले कोणाचे, असे विचारले असते.

त्याच्या मागून त्याचे नाव मात्र सोयीने वापरले गेले. खुल्या व्यापाराचा घोष करीत १८८२ साली हिंदुस्थानातली कापडावरची आयात जकात उठवण्यात आली. पुढे तिजोरीला पैसा हवा म्हणून जकात परत आली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसाठी १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला गेला. घरच्या मालावर कर आहे म्हणून बाहेरच्यावर, असे स्मिथ म्हणाला होता. इथे बाहेरच्यावर कर आहे म्हणून घरच्यावर, असा तो नियम उलटा फिरवला गेला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, असे बजावले होते. रानड्यांचा रोख नियमांच्या आंधळ्या वापरावर होता, आणि तो रास्त होता.

१७८४ साली नव्वदीच्या आईने डोळे मिटले. चार वर्षांनी जॅनेटही गेली. पॅनम्यूर हाउस ओके झाले. जकातीच्या कामाने लेखनाचा वेळ खाल्ला, ही खंत त्याला होती. जुलै १७९० मध्ये, अखेर जवळ आल्याचे कळताच, त्याने जोसेफ ब्लॅक आणि जेम्स हटन या मित्रांना आपल्या हस्तलिखितांच्या वह्या जाळायला सांगितल्या. त्यांनी जवळजवळ साऱ्या जाळल्या, तेव्हा कुठे त्याला बरे वाटले. जे नियमात बसत नव्हते ते कपडे त्याने जाळले होते, आता जे स्वतःच्या कसोटीला उतरत नव्हते ते कागद जाळले. १७ जुलैला तो गेला. एवढी मिळकत असलेल्या माणसामागे पैसा फारच थोडा निघाला. त्याचे आश्चर्य वाटले, तेव्हा जवळच्यांना उलगडा झाला, की बरेचसे पैसे तो गुपचूप गरजवंतांना देत आला होता.

एडिंबरोच्या कॅननगेट चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. पुढच्या वेळी विमानतळावर त्या दोन पाट्यांपुढे पाय घुटमळले, तर त्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या गृहस्थाची आठवण ठेवावी. सरकारने कर माफक आणि स्वच्छ ठेवावा, हा आग्रह आपण जरूर धरावा. पण आपली बॅग आधी आपणच उघडून पाहावी.